ब्रूनोच्या अंगातला भुंग्या

कट्टा, रविवार

चि. अजय यास तुळसाताईचे आशीर्वाद.

आम्ही इथे बरे आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. तुम्ही उभयता आणि मुख्य म्हणजे ब्रूनो खुशाल असावा. (फोनच केला असता, पण तू कायम मीटिंगमध्ये असतोस.)

आईचं ऑपरेशन ठरल्याचं कळवलं, त्यावर तुझा मोबाइलमधला अंगठा पोचला. तिला दाखवला. मे महिन्यात तुम्ही इथे असताना ब्रूनोला गोचीडताप येऊन त्याचं रक्त उतरलं, तेव्हा मात्र तू अनवाणी गाडी काढलीस. शर्मिलेच्या मांडीवर ब्रूनोचं डोकं आणि माझ्या पायाशी आपला भुंग्या. गोचिडांचं घर म्हणून ज्याला तुम्ही दारापुढच्या खळ्यात फिरकू दिलं नाही, तोच डॉक्टरांनी रक्ताला दुसरा कुत्रा आणा म्हटल्यावर घरातला झाला. (तपासलं तर त्याचं रक्त अगदी स्वच्छ.) शर्मिलेला काळजी वेगळीच. हा मासे खातो, आमचा ब्रूनो शाकाहारी, त्याला बाधणार तर नाही? डॉक्टरांनी तोंड फिरवलं, बहुतेक हसायला. मग भुंग्याच्या मानेवरचे केस भादरले आणि तू त्याचा पंजा धरून म्हणालास, "भिया नको रे. बारीकशी सुई टोचतली, तुका काय एक होवचा नाय." मुंबईला गेल्यापासून तुझ्या तोंडून मालवणी ऐकली ती त्या दिवशी, तीही कुत्र्यापाशी. मला रडू आलं, रागाने आलं.

भुंग्या गपचूप पडून राहिला. त्याला एक बिस्कीट मिळालं. ब्रूनो बरा होऊन उठला तो थेट चुलीपाशी, बांगड्याच्या डोक्यासाठी. शर्मिला अजून त्याचा दोष रक्ताला देते.

हल्ली तुझे मेसेज येतात ते भुंग्यासाठी. जेवतो का, लस दिली का, लांब सोडू नकोस. पुन्हा लागला तर हाताशी असावा, हे कळतं मला. परवा आईने विचारलं, "अजय माझी चवकशी करता मा गो?" मी हो म्हटलं.

तुझी,
तुळसाताई

ता. क. भुंग्यासाठी पाठवलेला पट्टा मिळाला. गाईच्या वासराला बरोबर बसला.

आणखी एक. आईला रक्त लागणार आहे. गट बी निगेटिव्ह, घरात तो तिचा आणि तुझाच. रक्तपेढीत सध्या नाही. भुंग्याचं चाललं असतं तर तुला तसदी दिली नसती. मंगळवारपर्यंत ये. सुईला तू लहानपणापासून घाबरतोस, ठाऊक आहे. भिया नको रे. तुका काय एक होवचा नाय. बिस्कीट मी आणीन.