आबांना बोलू द्या

नागपूर

चि. संदेश आणि घरची बोलकी मंडळी,

आबा बोलत नाहीत, ही आपल्या सगळ्यांचीच तक्रार. पण त्यांना बोलू देतं कोण? अर्धांगवायूनंतर त्यांना समजतं सगळं, फक्त शब्द सापडायला वेळ लागतो, असं रत्नागिरीच्या वाचाउपचारवाल्या बाईंनी तुमच्यासमोर सांगितलं. तरी आबा बोलतील का, हे विचारायला तुम्ही देवाला कौल लावून बसलात!

काल फोनवर मी विचारलं, "आबा, जेवलात?" उत्तर आईचं, "जेवले गो, पेज प्यायले." वीस वर्षं देवळात साऱ्या गावाच्या वतीने खड्या आवाजात देवाला गाऱ्हाणं घालणारा माणूस तुम्ही घरात मुका केलात.

मी बरी आहे. आईचा गुडघा कसा आहे?

रविवारी फोन आबांच्या हातात द्या. त्यांचा शब्द येईपर्यंत सभा गाजवणारी मी गप्प बसेन. तुम्हीही बसा.

तुमची,
निशाताई