वीस गुरुवारांच्या सह्या

१४ मार्च, शनिवार

प्रिय धाकटे,

सगळे बरे असाल. माझा गुडघा तसाच आहे. जिना चढताना कुरकुरतो, उतरताना ओरडतो. गीझर दुरुस्त झाला. भावजींच्या खोकल्याच्या गोळ्या संपल्या असतील तर दुकानातून आपल्या मनाने दुसऱ्या आणू नकोस, डॉक्टरांना विचार.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मध्ये बोलतेस आणि मी विषय बदलते. परवाही तेच झालं. कॉलेजने मिठूची सहामाही धरली नाही हे कळल्यावर तू मला विचारलंस, "ताई, खरं सांग, कामचुकारपणा करते का ती?" मी म्हटलं, तिचं तिला विचार. मग तू तिला विचारलंस, चांगला अर्धा तास. भिंतीपलीकडून मला फक्त तिचं 'हो आई' ऐकू येत होतं. लहानपणी जिची बडबड थांबेना म्हणून आपण मिठू नाव ठेवलं, ती ही.

आता नीट वाच.

चार दिवस आमच्या फायनान्स कंपनीत काम, पाचव्या दिवशी कॉलेज आणि तीन वर्षांनी पदवी, एवढं तुला माहीत आहे. रोजच्या कामाची एका वहीत नोंद करायची असते, हे बहुधा माहीत नसेल. दर गुरुवारी विभागप्रमुखाने ती वाचायची, शेरा लिहायचा, सही करायची. सहामाही त्या वहीवर ठरते. कर्जाचे अर्ज तपासणारा विभाग माझा, म्हणून यंदाचे चार शिकाऊ माझ्याकडे आले. त्यात मिठू. तिची निवड तिच्या गुणांवर झाली, माझा त्यात हात नव्हता. तरी पहिल्याच दिवशी कॅंटीनमध्ये रोखपाल सगळ्यांदेखत म्हणाला, "भाची आली, आता बाकीच्यांनी घरी बसा." लोक हसले. मीही हसले, आणि त्या दिवसापासून ताकही फुंकून प्यायला लागले.

मिठूला बजावलं, ऑफिसात मावशी नाही, मॅडम. बाकी तिघांना अर्ज वाचायला शिकवलं, पगाराचा दाखला कसा पाहायचा, शंका कुठे घ्यायची. हिला तळघरात पाठवलं, जुन्या फायलींच्या खोक्यांवर क्रमांक टाकायला. आठवड्यापुरतंच म्हणून. मग ते सोयीचं वाटू लागलं. कोणी माझ्याकडे बोट दाखवणार नव्हतं. ती घरीही मला मॅडम म्हणू लागली. आधी थट्टेने, जेवताना 'मॅडम, पाणी' असं. पुढे थट्टा गेली, मॅडम तेवढं राहिलं.

मागच्या महिन्यात कॉलेजच्या तपासनीस बाई आल्या. साहेब, मी आणि मिठू समोर असताना त्यांनी वही उघडली. सोमवार, खोक्यांवर क्रमांक टाकले. मंगळवार, तेच. बुधवार, काम नव्हतं. असे वीस आठवडे. मग एका पानावर त्या थांबल्या. म्हणाल्या, "इथे हिने लिहिलंय, 'मला अर्ज तपासायला शिकवाल का?' त्याखाली तुम्ही 'समाधानकारक' असा शेरा दिलाय."

धाकटे, मी एकही पान वाचलं नव्हतं. गुरुवारी चार वह्या यायच्या, मी चार सह्या करायची. आणि वाचल्याशिवाय सही करू नका, हे तीस वर्षं इतरांना मीच सांगत आले.

एवढंच असतं तर पत्र लिहावं लागलं नसतं. बाईंनी विचारलं, असं का झालं? मी म्हणाले, "मुलीने तोंडाने सांगायला हवं होतं. पुढाकार नाही तिच्यात." मिठूने माझ्याकडे पाहिलंही नाही. "हो मॅडम, चुकलं माझं," म्हणाली. बाईंनी ते तसंच लिहून घेतलं. अहवालातलं 'पुढाकार नाही' हे वाक्य तू परवा मला फोनवर दोनदा वाचून दाखवलंस, तिलाही दाखवलं असशील. ते वाक्य माझं आहे.

काल मी साहेबांना आणि कॉलेजला खरं काय ते लेखी दिलं. शिकाऊ माझ्याकडून काढून घेतील. सहामाही परत मिळेल की नाही ते आठवड्याने कळेल. खोटी आशा मी दाखवणार नाही. सोमवारपासून मिठू शेजारच्या विभागात बसेल, तिथे तिला अर्ज देतील. आज सकाळी तिला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तिथे कोणाला भेटायचं?" मला मावशी म्हण, असं सांगायचं मनात होतं. सांगायला तोंड नव्हतं.

तू तिला फोन कर. काही विचारू नकोस, 'तुझी चूक नव्हती' एवढं सांग. तिला जे जे बोललीस ते नंतर मला बोल. मी विषय बदलणार नाही.

दमले आहे. आता हे पत्र पहिल्या ओळीपासून वाचते, मगच सही करते.

वाचलं.

तुझी ताई