फटींत भरलेली राळ

बाबा, वकीलसाहेबांची होडी तुमच्यामुळे फुटली नाही, माझ्यामुळे फुटली. तुम्हांला ते तेव्हाच कळलं होतं, तरी पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण पुढे गेलो की भीती वाटते आणि मी कागद फाडतो. आतापर्यंत तीन फाडले. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, दोन ओळी लिहायला सकाळ जाते. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता पंचवीस वर्षांनी म्हातारा आहे. हे लिहायला बसलो की भरदुपारी उठून दाराची कडी चार-चारदा बघतो. सुनेला वाटतं, म्हाताऱ्याला चोरांची भीती. तिला काय सांगू?

साठ सालच्या अलीकडची गोष्ट असेल. विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या इंजिनिअरकडून वकीलसाहेबांनी ती होडी घेतली होती. बारा फुटांची, एका शिडाची, दोन चाकांच्या ट्रेलरवर ठेवलेली. मी त्यांचा जीप-ड्रायव्हर आणि तुम्ही जुन्या शहरातले बैलगाड्यांचे सुतार. अकोल्यात होडीला हात लावणारा दुसरा होता कोण? रविवारी पहाटे आपण तिला जीपला जोडून अमरावतीच्या तलावावर न्यायचो, दिवसभर शीड लावून फिरवायचो आणि दिवेलागणीला परत आणायचो. मोर्णेच्या पुलावर लोक ओरडायचे, "अरे, घोट्याइतकं पाणी नाई नदीले, अन् डोंगा कुठी नेऊन राहिला?" तुम्ही मागे आडव्या केलेल्या डोलकाठीला धरून बसलेले, तिथूनच सांगायचे, "तुह्या सासरी!" आणि स्वतःच हसत सुटायचे. वाऱ्याची दिशा तुम्ही धोतराच्या सोग्यावरून ओळखायला शिकलात. वकीलसाहेब इंग्रजी पुस्तक वाचून सांगायचे, आणि तुम्ही त्याआधीच सुकाणू वळवलेलं असायचं.

उन्हाळ्यात अंगणात उभी राहून होडी वाळायची, फळ्यांमध्ये बोट जाईल अशा फटी पडायच्या. तुम्ही फटींत कापसाची सैल वात घालायचे, वरून मेण आणि जवसाचं तेल, आणि न्यायच्या आधी चार दिवस ओली पोती टाकून ठेवायचे. "चाकाचंही असंच असते," तुम्ही म्हणायचे. "पाणी पेलं का लाकूड फुगते. त्याले फुगाले जागा ठेव. जागा नसली तर ते तोडून जागा करते." मी ऐकलं होतं, बाबा. ऐकलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्या मे महिन्यात तुम्ही आठ दिवस मोझरीला आश्रमात गेला होता. आदल्या रविवारी पोती नीट भिजली नव्हती म्हणून होडीत पाणी आलं होतं आणि वकीलसाहेबांच्या व्याह्यांचे बूट भिजले होते. साहेब मला म्हणाले, "तुझ्या वडिलांना सांग, गाडीचं काम वेगळं, होडीचं वेगळं." मला ते लागलं. मला दाखवून द्यायचं होतं. कोणाला, साहेबांना की तुम्हांला, ते अजून कळत नाही. मी राळ वितळवली, विटेची भुकटी कालवली आणि कोरड्या खडखडीत फटी ठोकून ठोकून भरल्या. दगडासारखं झालं. वरून रंग दिला. पोती टाकलीच नाहीत.

पहिल्या दिवशी एक थेंब आत आला नाही. साहेब खूश. सुट्या होत्या, म्हणून होडी तलावातच बांधून ठेवली. तिसऱ्या दिवशी तुम्ही मोझरीहून थेट तिथे आलात, आणि साहेब व व्याह्यांना घेऊन शीड उभारून निघालात. मी काठावर उभा आहे. वारा चांगला आहे. आणि पाण्यावरून आवाज येतो, सुकी फांदी मोडावी तसा, मग दुसरा. आतल्या फासळ्या मोडत आहेत. एक फळी खिळ्यांसकट बाहेर येते, शीड कलतं, आणि व्याही पाण्यात. मला पोहता येत नाही. मी नुसता ओरडतो. तुम्ही एका हाताने होडीची कड धरली आहे आणि दुसऱ्या हाताने व्याह्यांची मान पाण्यावर धरली आहे. कोळ्यांनी येऊन सगळ्यांना काढलं.

काठावर आल्याबरोबर साहेब ओरडले, "हे काम कोणी केलं?" तुम्ही उलट्या होडीजवळ बसलात, नखाने फट खरवडली. लाल भुकटी निघाली. तुम्ही माझ्याकडे पाहिलं. माझी बायको तेव्हा सातव्या महिन्यात होती, आणि माझी ती एकच नोकरी. "म्या केलं सायेब," तुम्ही म्हणालात. साहेब म्हणाले, "इतकी वर्षं चाकं केलीत, तेवढंच करायचं होतं." तुम्ही मान हलवली. घरी आल्यावर एवढंच, "काहून घाई केली रे?" त्यानंतर तो विषय नाही.

चाकं तरी कुठे राहिली मग? गाडीवाले म्हणू लागले, डोंगा बुडवला त्यानं, चाक काय धड करणार. चाकांच्या जोड्या दुसऱ्या सुताराकडे जाऊ लागल्या. तुम्ही दारात लाकूड तासायचा वाकस घेऊन बसायचे, धार लावलेल्यालाच पुन्हा धार लावायचे. दोन वर्षांत गेलात. मी रोज ठरवायचो, आज साहेबांना सांगतो. जीप चालवताना मागच्या सीटवर ते बसलेले, चार हातांवर. नाही सांगितलं. आता साहेब नाहीत, व्याही नाहीत, ते गाडीवाले नाहीत, गाड्याही नाहीत. तुमचं नाव कोणापुढे धुऊन काढू? नातू म्हणतो, "आबा, कुठली होडी?" या कागदावर पत्ता काय घालू, म्हणून हा गादीखालीच राहील.

एक तुम्हांला माहीत नाही. होडी फुटल्यावर महिन्याभराने चहाच्या हॉटेलात एका गाडीवाल्याने मला विचारलं, "काय रे, खरंच तुह्या बापानं बुडवला का?" तुम्ही तर कबूल केलंच होतं, मी गप्प राहिलो असतो तरी भागलं असतं. मी म्हणालो, "नजर गेली आता त्याईची." तो हसला. आणि बाबा, मीही हसलो.