आईसाठी आणलेल्या शेळ्या

मुलचेरा, रविवार संध्याकाळ

डोकं तापलंय नुसतं. दादानं आज आईसाठी तीन शेळ्या आणल्या. म्हणे, "रिकामी बसून राह्यते, काम होईल तिले." रिकामी! जन्मभर तिनं मोहफुलं वेचली, तेंदूपानं तोडली. आता माझ्या पगारात घराचं भागतं, म्हणून ती बंगाली मैत्रिणीसोबत तळ्यावर गळ टाकून बसते. मासा मिळाला तर मिळाला. यात कुणाचं काय जातं? दादा सुट्टीभर पत्ते कुटतो, त्याले कोणी रिकामा काऊन नाई म्हणत?

मी भांडायला उठले, तर आईच म्हणाली, "ज्यानं आणल्या, त्यानं चाराव्या. मले टाइम नाई." आणि गळ घेऊन निघाली. दादा दोर धरून अंगणात उभा राहिला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.