मुख्य नाव कुणाचं

आई, मी माणूस आहे हे आज सकाळी मला पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागलं. वेबसाइटच्या खात्यात शिरताना ते चित्रं दाखवतात आणि त्यातल्या बस ओळखायला सांगतात. एकही आपली एस्टी नव्हती, सगळ्या धुतलेल्या. रत्नागिरीत जन्म काढलेल्या बाईवर हा उघड अन्याय आहे, आणि दाद कुणाकडे मागायची तेही कळत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "तुझ्या माणूस असण्याची शंका आली, यात त्यांचं काय चुकलं?"

शिरायचं होतं ते तुझ्या नावासाठी. कोकमाचं आगळ मुंबईला पाठवता यावं म्हणून मी तुझ्या नावाची वेबसाइट काढली होती, ती तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी चालू आहे. लोक अजून तुझ्या नावाने बाटल्या मागवतात आणि वहिनी त्या भरून पाठवते. परवा ती सरळ माझ्यासमोर येऊन बसली. "वन्सं, मला माझ्या नावाची साइट हवी." मी मोठ्या मनाने म्हटलं, आहे त्याच खात्यात सबडोमेन काढून देते. म्हणजे आधी तिचं नाव, मग टिंब, मग तुझं नाव.

"म्हणजे कॉम्प्युटरातसुद्धा मी सासूबाईंना टिंबाने बांधलेली? ते नको."

मी हसले, आणि हसता हसता तुझं स्वयंपाकघर समोर आलं. मे महिना आहे. वहिनी कोकमं फोडतेय, मनगटापर्यंत लाल. तू दारात उभी: "मीठ हात राखून घालू नको गो. आगळ नासलं तर नाव माझं जाईल." दादरची मावशी बाटली उघडून वास घेते आणि म्हणते, काय हात आहे गो तुझा! तू म्हणतेस, "असतो एकेकाचा." वहिनी ते लाल हात पाठीमागे घेते. साइटवर 'आईच्या हातची चव' हे शब्दही तूच घालायला लावलेस.

मग मी तिला दुसरा प्रकार सांगितला, अ‍ॅडऑन. भावांची चूल वेगळी होते तसा. जागा त्याच खात्यातली, पण नाव स्वतंत्र, पान स्वतंत्र. बाहेरच्याला पत्ताही लागत नाही की आत एकच छप्पर आहे. माझं टवाळीचं सदर असंच तुझ्या खात्यात राहतं. वहिनीला हे पटलं. राहिलीस तू. जुन्या गिऱ्हाइकांना तुझंच नाव ठाऊक, आणि दुकान तर आता वहिनीच्या पानावर जाणार. मला वाटलं ती म्हणेल, बंद करून टाका. ऐकून घेतलंय तिने बरंच.

"बंद नका करू," ती म्हणाली. "म्हाताऱ्या बायका तेच लिहिणार. त्यांना माझ्याकडे वळवा. निदान एकदा तरी आईंनी चारचौघांत माझं नाव सांगितलं असं होईल."

याला पार्क केलेलं डोमेन म्हणतात. नाव तुझं, उघडतं ते दुसऱ्याचं पान. अडचण एकच. खातं तुझ्या नावावर उघडलेलं, म्हणजे मुख्य डोमेन तू, आणि मुख्य नाव असं पार्क होत नाही. आधी ती जागा दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागते. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले तरी गणपती मूळघरीच बसतो. आता मूळघर कुणाचं, एवढंच वेबसाइटला जागा देणारी कंपनी एका रिकाम्या चौकटीत विचारत होती.

मी वहिनीचं नाव दिलं. माझं सदरही आता तिच्या घरात राहतं. हे तिला माहीत नाही आणि मी सांगणारही नाही. तुझं पान पुसताना मात्र बरं वाटलं नाही, आई. तुझी बाजू घ्यायला तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मी ती घेतली नाही. बरोबर केलं असं मनाला अजून पुरतं पटवता आलेलं नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून सांगते. त्या चौकटीत आधी मी माझं नाव लिहिलं होतं. चहा निवेपर्यंत ते तसंच होतं.