पाच नंबरचं पाणी

प्रिय संघदीपदादा,

जय भीम. पुण्याची हवा फारच मानवलेली दिसते तुला, बहिणीचा फोन उचलायचंही विसरलास. म्हणून हा कागद.

गावच्या पाण्याचा प्रोग्राम तू बसवलास आणि तो चालवायला मला बसवलंस. बटणांचा पडदा होता तोवर पोरखेळ होता. तो बंद पडल्यापासून काळ्या खिडकीत हुकूम टाइप करावा लागतो. ‘सोड’ या एकाच नावाची तुझी फंक्शनं, म्हणजे हुकूम, दोन. वस्तीचं नाव दिलं तर तिथला व्हॉल्व्ह उघडतो. आकडा दिला तर तेवढी मिनिटं साऱ्या गावाला पाणी. बाजारगल्ली लिहिलं की बाजारगल्लीत पाणी. पण आपल्या वस्तीचं नावच ‘5’. मी ते लिहिते आणि तो शहाणा पाच मिनिटं समजतो. तेवढ्यात पाणी आपल्या टोकापर्यंत पोचतच नाही. हे नाव आहे असं कळावं म्हणून अवतरणचिन्हं लावली, तर ती खिडकीच गिळते. अक्षरांत ‘पाच’ लिहिलं, तर अशी वस्तीच नाही म्हणतो. मोठा आकडा टाकावा, तर टाकी वरच्या गल्ल्यांतच रिकामी. मी पार हात टेकले.

शेजारणी मला बोलतात. आई नळाखाली हंडा लावून म्हणते, “पोरीले काहून बोलता? माह्या संघदीपले सांगतलं हाय, तो करून राह्यला.” तू काही करत नाहीस, हे मला माहीत आहे.

जातीवरून पडलेलं वस्तीचं नाव काढा म्हणून ग्रामसभेत घसा बसेपर्यंत भांडलास, आठवतं? पाटीवरून ते गेलं, दाखल्यांवरून गेलं. भिवाजीआजोबा त्या दिवशी नवा सदरा घालून गावभर फिरले. केनवडच्या बाजारातही आता आपण पाच नंबरवाले. प्रोग्रामच्या यादीत मात्र तू नवं नाव घातलंस आणि जुनं पुसायचं राहिलं. मला ते ठाऊक होतं, तरी कधी टाइप केलं नाही.

परवा आई विहिरीवरून पाणी आणताना पडली. मांडीचं हाड मोडलंय. तुला कळवायचं नाही, अशी तिची ताकीद आहे. काल सकाळी मी ते जुनं नाव लिहिलं. नळांना धो धो पाणी आलं, आणि मी खुर्चीत बसून रडले. आईने विचारलं तेव्हा सांगितलं, दादाने पुण्यातून दुरुस्त केलं. तेव्हापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला ती तुझं कौतुक सांगते आहे. हे पत्र पोचेपर्यंत मला ते नाव पुन्हा लिहावंच लागणार. त्यानंतर मात्र लिहायला लावू नकोस, दादा.

तुझीच,
पौर्णिमा