आधी केस येऊ दे, मग नवस

आईला गोरक्षचा पिंपळगावहून नमस्कार.

फोनवर तू रडतेस, म्हणून लिहितोय. नाशिकला जाऊन केस लावून घेतले, त्यानं डोळ्यांवर आलेली सूज उतरली. डोकं मागून अजून बधिर आहे, एका पुळीतून पू येतो, पण गोळ्या चालू आहेत. लावलेले केस आधी गळतात, मग नव्यानं उगवतात, हे डॉक्टर आत्ता सांगतो!

पण खरा राग तुझ्यावर आहे. टकल्याला पोरगी कोण देणार, म्हणून तूच मागे लागलीस. आणि आता दादा सांगतो, केस आले की गडावर देवीला द्यायचा नवस बोललीस! पुन्हा भादरायचंच होतं, तर एवढं कशाला सोसलं?

गुडघे कसे आहेत? गडावर जा, नवस बदल, नारळ दे. माझ्या डोक्याला कुणी हात लावायचा नाय. देवीनंसुद्धा.

तुझा टकलाच,
गोरक्ष